वही कोणाची?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी परभणी, मानवत, सेलूच्या मोंढ्यांत आडत दुकानांना झेंडूची तोरणं लागतात. गादीवर धुतलेली चादर, पाटावर लाल बांधणीची नवी वही, पहिल्या पानावर कुंकवाचं स्वस्तिक आणि वर ‘श्री’. हिशेब केव्हाच संगणकात गेला, पूजा मात्र अजून वहीचीच होते. संगणकाच्या पडद्याला हळदकुंकू लावलेलंही मी पाहिलं आहे, पण त्याला वहीची सर नाही. त्या वहीत अर्धा तालुका असतो. खताची पोती कुणी उधार नेली, पेरणीला कुणी पैसे उचलले, पोरीच्या लग्नात कुणाला किती लागले, सगळं तारीखवार. सोयाबीन मोंढ्यावर आलं की पट्टीतून आधी ते वळतं होतं आणि उरेल ते हातात पडतं.

आता त्याच संध्याकाळी, त्या वहीतलं एक पान ज्याच्या नावाचं आहे, त्याच्या घरी जाऊन बघा. भिंतीवर कॅलेंडर असतं. त्यावर दुधाचे आकडे असतात, गॅसची टाकी कधी लावली त्याची खूण असते. सातबारा, आधार, पासबुक एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत जपलेलं असतं. देण्याची वही तेवढी नसते. देणं डोक्यात असतं. थोडं नवऱ्याच्या, थोडं बायकोच्या, थोडं म्हाताऱ्या सासऱ्याच्या. तिघांचे आकडे कधी एका पानावर आलेले नसतात.

कर्जावर मराठवाड्यात इतकं लिहून झालं आहे की आणखी एका लेखाची गरज काय, असं वाचकाला वाटेल. मला इथं फक्त त्या नसलेल्या वहीबद्दल लिहायचं आहे. आणि ती वही काही घरांत, काही गल्ल्यांत, दहा-बारा बायकांनी मिळून कशी सुरू केली त्याबद्दल.

•

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण इथलं शेंबडं पोरही ऐकवतं. तिच्या उगमाचे किस्से माणशी एक. मी तिचा अर्थ माझ्यापुरता वेगळाच लावतो. जर्मनीत, ऱ्हाईनच्या बाजूच्या डोंगराळ मुलखात, फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझन नावाचा एक गावकारभारी होता. जनावर उधारीवर द्यायचं आणि त्या उधारीत शेतकऱ्याला पुरता नागवायचा, हा तिथल्या सावकारीचा रिवाज त्यानं जवळून पाहिलेला. १८४९ मध्ये फ्लामर्सफेल्ड गावात त्यानं ऐपतदार लोकांच्या जामिनावर गरीब शेतकऱ्यांना जनावरं मिळवून देणारी संस्था काढली. पण दुसऱ्याच्या दयेवर चालणारं काम किती दिवस चालणार? १८६४ मध्ये हेडेसडोर्फला त्यानं रीत बदलली. कर्ज घेणाऱ्यांनीच सभासद व्हायचं, सगळ्यांनी एकमेकांच्या कर्जाला जबाबदार राहायचं आणि संस्था लहान मुलखापुरतीच ठेवायची, म्हणजे कोण कसा फेडतो हे सगळ्यांना ठाऊक. मद्रास इलाख्यातले अधिकारी फ्रेडरिक निकल्सन ही रीत युरोपात जाऊन अभ्यासून आले. त्यांचा अहवाल १८९५ ते १८९७ या काळात निघाला आणि १९०४ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानात सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. पुढं निजामाच्या राज्यातही सोसायट्या निघाल्या. तेव्हा परभणीच्या कुठल्याही खेड्यात चावडीशेजारी सोसायटीची जी पाटी दिसते, तिचं कूळ थेट जर्मनीत जातं.

त्याआधीची गोष्ट आपल्याच मुलखातली. १२ मे १८७५ रोजी, बाजाराच्या दिवशी, पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. या दंग्याची एक गोष्ट विलक्षण आहे. माणसांना इजा झाल्याच्या घटना थोड्या. शेतकऱ्यांना हवे होते कागद. खतं, रोखे, हुकूमनामे. ते मागून घेतले, नाही दिले तर हिसकावले आणि चौकात जाळले. इंद्रायणीत आपल्या वाटणीचे रोखे बुडवणाऱ्या तुकोबांची आख्यायिका ज्या प्रदेशात घरोघर सांगितली जाते, तिथल्या माणसाला कर्ज कुठं राहतं हे कुणी शिकवायला नको होतं. दंग्यानंतर १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा आला. त्यात न्यायाधीशाला रोख्याच्या मागं जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा होती, तशीच शेतकऱ्याला पावती, वर्षाचा हिशेब आणि खातेपुस्तिका मागायचा हक्क होता. म्हणजे वहीची नक्कल ऋणकोच्या हातात देण्याचीच ती खटपट. मराठवाडा निजामाच्या मुलखात, तिथं हा कायदा नव्हता. आपल्याकडं वही सावकाराच्या पेटीतच राहिली.

१९२५ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सावकारी पाश’ काढला. जमीन गमावून शहरात मजुरीला जाणाऱ्या त्या तरुण शेतकऱ्याचं काम व्ही. शांताराम यांनी केलं होतं. या चित्रपटाला शंभर वर्षं झाली. १९५१-५२ च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यानं उचललेल्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा ३.१ टक्के निघाला होता. खाजगी सावकारांचा, शेती करणारे आणि धंदेवाईक दोन्ही धरून, सत्तरच्या घरात. सोसायट्या, जिल्हा बँका, राष्ट्रीयीकृत बँका यांनी हे चित्र नंतर पुष्कळ बदललं, हे मान्यच करायला हवं. वेळेत फेडलं तर ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जाचं व्याज डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेत शून्यावर येतं. पण ‘वेळेत’ या शब्दातच सगळं अडतं. वेळ चुकायला आली की सगळे ‘नवं-जुनं’ करतात. कुठूनतरी चार दिवसांसाठी पैसे आणायचे, जुनं खातं भरून दाखवायचं, नवं मंजूर करून घ्यायचं आणि ज्याचे आणले त्याला परत करायचे. त्या चार दिवसांचंही व्याज असतं. ते बँकेच्या कुठल्याच कागदावर येत नाही.

२००८, २०१७, २०१९ अशा कर्जमाफ्या झाल्या. मी त्यांच्या विरोधात नाही. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये असताना मोंढ्यावरची बोली त्याच्या कितीतरी खाली होती आणि २०२५ च्या सप्टेंबरात उभी पिकं पाण्यात गेली. अशा वेळी शेतकऱ्याला ‘काटकसर करा’ सांगणारा माणूस एकतर बिनडोक असतो, नाहीतर पगारदार. पण माफी होते ती बँकेच्या आणि सोसायटीच्या शेतीकर्जाची. दवाखान्यासाठी शेकड्यानं घेतलेले, पोराच्या प्रवेशासाठी फायनान्सकडून उचललेले, मोबाइलच्या हप्त्याचे आणि किराण्याच्या उधारीचे पैसे कुठल्याही मंत्रिमंडळाच्या बैठकीत माफ होत नाहीत. ते घरातच फेडावे लागतात.

•

एक घर कागदावर मांडू. हे कुणा एकाचं घर नाही, आकडेही मी उदाहरणादाखल धरले आहेत. जिंतूर-सेलूच्या पट्ट्यात चार एकर कोरडवाहू, नवरा-बायको, दोन पोरं, सासू, एक म्हैस. सोयाबीन, तूर, दूध आणि दोघांची मजुरी मिळून खर्चवजा वर्षाला दीड लाख हातात पडतात. देणं असं: बँकेचं पीककर्ज ८०,०००. नवऱ्याच्या ऑपरेशनला घेतलेले ३०,०००, शेकडा पाचनं. बायकोच्या नावावर दोन फायनान्सची कर्जं, प्रत्येकी ४०,००० ची, फिटून राहिलेली ३१,००० आणि २२,०००. कृषी केंद्राची उधारी १८,०००. किराणा ९,०००. मोबाइलचे हप्ते ६,०००. बेरीज १,९६,०००.

ही बेरीज मी एका ओळीत लिहिली. त्या घरात ती कुणी कधी केलेली नसते, कारण ती केली की रात्रीची झोप जाते. माणसं बेरजेऐवजी पुढच्या हप्त्याचा विचार करतात. सोमवारचा हप्ता गेला की मंगळवारी बरं वाटतं.

त्यातला शेकडा पाच हा शब्दच बघा. शेकडा पाच म्हणजे महिन्याला शंभराला पाच, वर्षाला साठ टक्के. बँक सात टक्के म्हणते ते वर्षाचे. ऐकणाऱ्याच्या कानावर ‘पाच’ आणि ‘सात’ पडतात आणि सावकार स्वस्त वाटतो. ही थट्टा नाही, शिकलेली माणसंही यात फसतात. तीस हजारांवर महिन्याला १,५०० व्याज. वीस महिन्यांत तीस हजार व्याजापोटी देऊन झाले आणि मुद्दल जागेवर. व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा आपला जुना दामदुपटीचा न्याय. तो इथंच संपायला हवा होता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) कायदा २०१४ मध्ये आला आणि त्याखाली ठरलेले दर तर आणखी खाली आहेत: शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के, विनातारण १२, इतरांना १५ आणि १८. परवाना नसताना सावकारी करणं गुन्हा आहे, आणि सावकारीत गेलेली जमीन पंधरा वर्षांच्या आतली असेल तर ती परत मिळवण्यासाठी जिल्हा उपनिबंधकाकडं अर्ज करता येतो. मात्र अर्जाला पुरावा लागतो. आणि पुरावा कुणाच्या वहीत आहे?

मग घरखर्चाचा ताळा. शहरी पुस्तकं महिन्याचं अंदाजपत्रक मांडायला सांगतात. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार बाईंनी १९०४ मध्ये गृहिणींसाठी हिशेबाची वही काढली, ‘काकेइबो’. आपल्याकडं पतसंस्थांचा कायदा झाला तेच साल. तिचीही मांडणी महिन्याची. पगारी घराला ती बसते. परभणीच्या कोरडवाहू घराला महिना हे माप चालत नाही. पैसा येतो दिवाळीला सोयाबीनचा, पुढं कापूस-तुरीचा, होळीच्या सुमारास हरभऱ्याचा. खर्च मात्र मृगापासून रांगेत उभा: बियाणं, खत, शाळा, पंचमीला आलेल्या लेकी, पोळा, महालक्ष्म्या. आषाढापासून भाद्रपदापर्यंत घरात येणं जवळजवळ नाही आणि फायनान्सचा हप्ता तर दर पंधरवड्याला. म्हणून इथली वही वर्षाचीच लागते, दिवाळी ते दिवाळी. सालगड्याचं साल पाडव्याला ठरतं, तसंच. ज्या बायकांनी अशी वही सुरू केली त्यांच्या वहीत जानेवारी-फेब्रुवारी नसतात, ‘महालक्ष्म्या’ असा रकाना असतो आणि त्यात साडी, डाळ, तेल, नैवेद्य, सोळा भाज्या यांचा आकडा असतो. तो आकडा दिवाळीतच बाजूला काढला तर भाद्रपदात शेकड्यानं काढावा लागत नाही.

गळती कुठं आहे हेही वर्षाच्या मापानंच दिसतं. तंबाखूची पुडी, गुटखा, दारू यांचा हिशेब वर्षाचा केला की घरातला पुरुष वही मिटायला सांगतो. पण सगळं व्यसनावर ढकलणं सोपं आहे. दहा रुपयांची तेलाची पुडी रोज आणणाऱ्या घराला तेल महाग पडतं आणि डबा एकदम घ्यायला पैसे नसतात. उधारीच्या दुकानात भाव विचारायची सोय नसते. कृषी केंद्रात उधारीचा भाव आणि रोखीचा भाव वेगळा. गरिबी महाग असते ती अशी, पुडीपुडीनं.

•

दहा-बारा जणी, एक सतरंजी, एक पेटी. पेटी एकीच्या घरी, किल्ली दुसरीकडं. बचत गटाचं चित्र आता इतकं ओळखीचं झालं आहे की पापड-लोणच्याच्या स्टॉलपलीकडं त्याकडं कुणी बघत नाही. नाबार्डनं १९९२ मध्ये गट आणि बँका जोडण्याचा प्रयोग सुरू केला. महिला आर्थिक विकास महामंडळ त्याहून जुनं, १९७५ चं. २०११ पासून राज्याचं ‘उमेद’ अभियान. गावागावांत ग्रामसंघ, प्रभागसंघ, प्रेरिका, कृषी सखी, पशू सखी अशी मोठी उतरंड उभी आहे. गटाची पंचसूत्री कुठलीही बाई धडाधडा म्हणून दाखवते: नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्ज, नियमित परतफेड, हिशेब चोख. अहवालांत पैशाचे आकडे असतात. बैठकीत जे बोललं जातं ते अहवालात येत नाही, आणि माझ्या मते गटाची खरी कमाई तीच.

गटात कर्ज मागायची वेळ येते तेव्हा बोलणं साधारण असं चालतं.

“मला तीस हजार पाहिजेत.”

“कशाला वो वैनी?”

“दवाखान्याला.”

“दवाखाना तर पोळ्याच्या आधीच झाला न माय.”

मग थोडा वेळ कुणी बोलत नाही. कुणीतरी पदर सारखा करतं, कुणी पोराला मांडीवर घेतं. आणि मग खरं बाहेर येतं. दवाखाना झाला, पण त्याचे पैसे शेकड्यानं आणलेत. घरात सासूला ठाऊक नाही. बँकेतला अधिकारी हा दुसरा प्रश्न विचारू शकत नाही, कारण दवाखाना कधी झाला हे त्याला माहीत नसतं. शेजारणीला माहीत असतं. रायफायझननं संस्था लहान मुलखापुरती का ठेवली त्याचं उत्तर या सतरंजीवर मिळतं.

आणि एकीनं सांगितलं की दुसरी सांगते. “माझे पन्नास हायेत.” “माझं डोरलं गहाण हाय, भावाला म्हणलं लॉकरात ठेवलं.” आपल्या घरातच काहीतरी वंगाळ आहे, बाकी गल्ली सुखात आहे, हा गैरसमज त्या दुपारी संपतो.

अमेरिकेत, न्यूयॉर्कला, १९७६ मध्ये ‘डेटर्स अनॉनिमस’ नावाची मंडळी जमू लागली. दारू सोडणाऱ्यांच्या सभांसारख्याच कर्जातून सुटणाऱ्यांच्या सभा. रोजचा खर्च लिहायचा, नवं कर्ज काढायचं नाही, आणि नवख्या माणसाबरोबर दोन अनुभवी सभासदांनी बसून त्याचे सगळे आकडे बघायचे. तिथं आडनाव सांगायचं नसतं. निनावीपणाच्या आडोशानं माणूस मोकळा होतो. आमच्या खेड्यात निनावी कोण राहणार? इथं तर माहेरचं आडनावही ठाऊक असतं. तरीही ते होतं, कारण ऐकणारीचं गुपितही बोलणारीला माहीत असतं. मुंबईत १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी गिरणी कामगारांना जेवण घालणाऱ्या खानावळवाल्यांना एकत्र आणून ‘अन्नपूर्णा महिला मंडळ’ उभं केलं, तेव्हा त्या बायकाही किराणावाल्याच्या आणि सावकाराच्या व्याजात बुडालेल्या होत्या. बँकेचं कर्ज त्यांना एकेकटीला मिळालं नसतं. मिळून गेल्या, मिळालं.

आपल्या कागदावरच्या घराकडं परत येऊ. गटात पहिला वाद कुठलं देणं आधी, याचा. बाईला वाटतं किराण्याचे नऊ हजार आधी द्यावेत. दुकान रस्त्यावर आहे, रोज तोंड दाखवावं लागतं. फायनान्सवाला दारात येतो म्हणून कुणाला ते आधी वाटतं. सावकार शांत असतो, व्याज मिळतंय तोवर त्याची कसलीच घाई नसते, म्हणून तो यादीत शेवटी राहतो. हिशेब लिहिणारी एखादी चलाख पोरगी वहीत रेघा मारून दाखवते: तीस हजार गटातून घे, शेकडा दोननं. पहिल्या महिन्याचं व्याज पंधराशेच्या जागी सहाशे. महिन्याला २,१०० भरत गेलीस तर सतरा महिन्यांत फिटतं आणि एकूण व्याज जातं सुमारे ५,७००. तेच सतरा महिने सावकाराला दिले असते तर २५,५०० देऊनही तीस हजार उभेच. शेकडा दोन म्हणजेही वर्षाला चोवीस टक्के, हे कुणी म्हणेल आणि बरोबरच म्हणेल. पण व्याज घटत्या बाकीवर आहे आणि ते जातं पेटीत, म्हणजे तिच्याच शेजारणींच्या आणि तिच्याही खात्यात.

पंधराशेच्या वरचे सहाशे कुठून आणायचे? इथं गट नुसता पैसे देऊन थांबत नाही. तेलाचा डबा चौघींत घेतात. दिवाळीचा किराणा एकत्र भरतात. ऑगस्ट २०२४ पासून ‘लाडकी बहीण’चे महिन्याला १,५०० येऊ लागले. राजकारण बाजूला ठेवलं तर कोरडवाहू घरातल्या बाईच्या हातात महिन्याच्या महिन्याला येणारी ही बहुधा पहिलीच रक्कम. सुरुवातीला काही बँकांनी थकबाकीपोटी ती कापून घेतल्याच्या तक्रारी झाल्या आणि तसं करू नका म्हणून सरकारला सांगावं लागलं. देणं आणि येणं एकाच खात्यात असलं की असं होतं, एवढं बायकांनी त्यातून उचललं.

•

आता याच सतरंजीची दुसरी बाजू. मायक्रोफायनान्स कंपन्यांनी बचत गटाकडं बघितलं आणि त्यातली एक गोष्ट उचलली: दहा बायका एकमेकींना ओळखतात. तिथंही बैठक असते, गोल बसणं असतं, गटप्रमुख असते. बचत नसते. पेटी नसते. वही वसुलीला येणाऱ्या साहेबाच्या मोबाइलमध्ये असते. एकीचा हप्ता आला नाही की बाकीच्यांना उठू देत नाहीत, अशा तक्रारी आंध्रपासून विदर्भापर्यंत झाल्या आहेत. गटात जी ओळख आधाराला येते, तीच इथं तारण म्हणून वापरली जाते. गहाण काय असतं, तर शेजारणीसमोरची अब्रू. आंध्रात हे टोकाला गेलं आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारनं वटहुकूम काढला. नोटाबंदीनंतर विदर्भात बायका या कर्जांविरुद्ध रस्त्यावर आल्या. १ एप्रिल २०२२ पासून रिझर्व्ह बँकेचे नवे नियम लागू आहेत: ३ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाचं घर, सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त नकोत, तारण नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही, सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर वसुलीसाठी फोन नाही, कर्जकार्ड तिला कळेल अशा भाषेत. व्याजाच्या दरावरची कमाल मर्यादा मात्र त्याच नियमांनी उठवली.

निम्म्याची ही अट आपल्या घराला लावून बघा. उत्पन्न महिन्याला साडेबारा हजार पडतं. चोवीस टक्के दरानं, दोन वर्षांच्या मुदतीनं चाळीस हजारांचा हप्ता महिन्याला २,११५ च्या आसपास. दोन कर्जांचे ४,२३०. मोबाइलचा हजार धरला तर ५,२३०. पीककर्ज वर्षाचं म्हणून बाजूला ठेवलं, तर कागदावर निम्म्याच्या आत. कंपनीच्या संगणकात हे घर अजून कर्ज द्यायच्या लायकीचं आहे. सावकाराचे पंधराशे त्या संगणकात नाहीत. ते धरले की ६,७३०, म्हणजे निम्म्याच्या वर. तिसरा साहेब तिसरं कर्ज देऊन जातो, कारण पूर्ण बेरीज कुणाच्याच वहीत नाही.

बचत गटांचंही सगळं गोड आहे असं नाही. अध्यक्षीणबाईंच्या जावेला कर्ज आधी मिळतं. गट आळीप्रमाणं पडतात, आणि आळी जातीप्रमाणं. बँकेचं उद्दिष्ट भरायचं म्हणून गरज नसताना कर्ज माथी मारलं जातं आणि त्यातून फायनान्सचा हप्ता भरला जातो. टोपी फिरते, डोकं तेच. आणि सर्वांत गरीब बाई बहुधा गटात नसतेच. गंगाखेड, पालमच्या डोंगरपट्ट्यातून दसऱ्यानंतर ट्रॅक्टर भरून कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, कारखान्यांकडं जातात ते उन्हाळ्यातच परततात. मुकादमाची उचल हे त्या जोडप्याचं मुख्य कर्ज, आणि ते फेडायचं अंगमेहनतीनं. सहा महिने गैरहजर राहणाऱ्या बाईला नियमित बैठकीच्या नियमात कुठं बसवणार? काही गटांनी त्यांची बचत वर्षातून दोनदा घ्यायला सुरुवात केली. पण पंचसूत्रीच्या तपासणीत असा गट मार्क गमावतो. नियम करणाऱ्यानं ऊसतोड कधी पाहिली नसावी.

•

पुरुषांच्या कर्जाबद्दल अजून लिहिलेलं नाही, कारण त्याबद्दल बोललंच जात नाही. बायकांना सतरंजी आहे. पुरुषांना पार आहे, पानटपरी आहे, आणि तिथं सगळं बोललं जातं, फक्त स्वतःच्या देण्याचा आकडा सोडून. आत्महत्या झालेल्या घरांत पुन्हा पुन्हा हेच ऐकायला मिळतं: तेरावं झालं आणि माणसं दारात यायला लागली. कुणाचे चाळीस, कुणाचे सत्तर. कागद कुणाकडं आहे, कुणाकडं नाही. बाईला खरं-खोटं करायला काहीच साधन नाही, कारण तिच्या घरात वहीच नव्हती. नवरा गेल्यावर तिला कर्ज कळतं. राज्याच्या आरोग्य विभागानं २०१५ मध्ये ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, आशाताई घरोघर जाऊन खचलेल्या माणसांची विचारपूस करतात. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक घराच्या भिंतीवर गॅसच्या तारखेशेजारी लिहिलेला असावा.

उलटंही घडतं. बायकोच्या नावावरचं फायनान्स नवऱ्याला ठाऊक नसतं. भावाच्या अडचणीला, पोरीच्या बाळंतपणाला तिनं परस्पर उचललेलं असतं आणि साहेब यायच्या दिवशी ती नवऱ्याला शेतात लवकर पाठवते. एका छपराखाली दोन गुपितं आणि दोघंही एकमेकांना जपत असतात, असा हा प्रकार.

म्हणून काही गटांत आता वही दोन पानी असते. डावं पान तिचं, उजवं त्याचं. डावं पान गटाच्या बैठकीत भरतं. उजवं घरी न्यायचं आणि त्याला विचारून भरायचं, हा त्यातला अवघड भाग. आपल्या कागदावरच्या घरात ती वही गेली असं धरू. पहिल्या आठवड्यात तो म्हणतो, “तुला काय करायचंय?” दुसऱ्या आठवड्यात ती आधी आपलं डावं पान वाचून दाखवते, दोन्ही फायनान्ससकट. त्या रात्री घरात जेवण होत नाही. तिसऱ्या आठवड्यात पीककर्ज आणि कृषी केंद्राचे अठरा हजार उजव्या पानावर येतात, शेकड्याचे तीस येतात. त्याखाली तो ‘मोंढा’ असा एक शब्द सांगतो आणि उठून म्हशीकडं जातो. ती तो शब्द लिहिते. पुढच्या रकान्यात आकड्याच्या जागी प्रश्नचिन्ह काढते, तारीख घालते आणि वही पेटीत सातबाऱ्याच्या पिशवीखाली ठेवते.